वैद्यकीय समाजकार्य आणि मी

कला शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना पाहुणेरावळे एकच प्रश्न विचारतात, "पुढं काय?" विज्ञान शाखेच्या मुलांना हा प्रश्न कौतुकाने विचारला जातो, आम्हाला काळजीने. गेल्या चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, आई-अण्णा उसावरून गावी परतले, आणि एका संध्याकाळी अण्णांनीही तो विचारला. मी सांगितले, "बी.ए. झाल्यावर समाजकार्याचं शिक्षण घेणार. एम.एस.डब्ल्यू. दवाखान्यात समाजसेविका व्हायचं आहे मला." अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "समाजसेवेला पगार असतोय व्हय? ती तर पोट भरल्यावर करायची गोष्ट हाय."

मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणता अभ्यासक्रम कशासाठी असतो, हे घरात कोणालाच माहीत नाही आणि मलाही ते कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून ग्रंथालयात मिळेल ते वाचले, प्राध्यापकांना विचारले. अण्णांना जे सांगता आले नाही ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करते. माझ्यासारख्या आणखी काही मुली या वर्गात आहेत. त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

या विषयाशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. ती अण्णांच्या आजारातून झाली, म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. आमच्याकडे पावसाळ्यापुरती शेती. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मे गाव ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि ती हंगामभर काम करून फेडायची असते. जोडीतला एक जण आजारी पडला तर अर्धा कोयता उरतो, उचल मात्र पूर्णच राहते. मी दहावीत होते, आजीजवळ गावी राहत होते, त्या वर्षी भाद्रपदात अण्णांना खोकला लागला. वजन उतरले, संध्याकाळी कसकस यायची. थुंकी तपासली आणि क्षय निघाला. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. सहा महिने घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. अण्णांनी ती सुरू केली आणि महिन्याभरात टोळीबरोबर उसावर गेले.

माघात ते परत आले ते टेम्पोत आडवे पडून. औषध त्यांनी मध्येच सोडले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा मी बरोबर होते. तरुण डॉक्टर होते. त्यांनी कागद पाहिले आणि ओरडले, "अर्धवट औषध सोडलं की काय होतं, माहीत आहे का? तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं?" अण्णा खाली मान घालून उभे होते. मला त्या वेळी डॉक्टरांचा फार राग आला. आज तो तेवढा येत नाही. ते सांगत होते ते खरेच होते. औषध मध्येच थांबवले की चिवट जंतू मागे उरतात, वाढतात आणि मग साध्या औषधांना दाद देत नाहीत. शिवाय बाहेर रांगेत शंभरावर माणसे उभी होती. एका माणसाला पाच मिनिटे द्यायची तर संध्याकाळ झाली असती.

पण "का सोडलं?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारला दुसऱ्या एका खोलीतल्या बाईंनी. दारावर 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' अशी पाटी होती. ती मी वाचली, पण तिचा अर्थ मला कळला नाही. बाईंनी अण्णांना आधी बसायला खुर्ची दिली. कोणत्या गावचे, किती जण, उसावर कुठे असता, पहाटे किती वाजता फडात जाता, गोळ्या केव्हा घेत होता, असे एकेक विचारीत गेल्या. लिहून घेण्याची घाई नव्हती. अर्ध्या तासात अण्णांनी जे सांगितले, ते त्यांनी आईलाही कधी सांगितले नव्हते.

गोळ्या सुरू केल्यावर लघवी लालसर होऊ लागली. रिफाम्पिसिन या औषधाने तसा रंग येतो आणि त्यात धोका काहीच नसतो, पण हे अण्णांना कोणी सांगितलेले नव्हते. टोळीतला एक जण म्हणाला, औषध उष्ण पडलंय, रक्त जातंय. पहाटे चारला उपाशीपोटी, कोऱ्या चहावर गोळ्या घ्यायच्या आणि फडात मोळ्या वाहायच्या. मळमळून उलट्या व्हायच्या. टोळीला क्षय आहे हे कळले तर कोपी वेगळी करायला लावतील, पाण्याच्या घागरीला हात लावू देणार नाहीत, म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यात लपवलेल्या. त्या संपल्या तेव्हा नव्या आणायला गावच्या केंद्रात यायचे, तर मुकादम सोडीना. आणि तोपर्यंत खोकला थांबलाच होता. बरे वाटते आहे, मग कशाला?

अण्णा निष्काळजी नव्हते. त्यांच्या परिस्थितीत कोणीही सोडले असते.

बाईंनी त्यानंतर केलेल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या वाटतील. लघवीच्या रंगाचा उलगडा केला. डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ बदलून घेतली, रात्री भाकरी खाल्ल्यावर. आईला समोर बसवून गोळ्या देण्याचे काम तिच्याकडे सोपवले आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितले. क्षयरुग्णाची नोंद 'निक्षय' नावाच्या संगणकीय नोंदवहीत होते आणि त्या क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रातही औषध मिळू शकते, हे आम्हाला प्रथमच कळले. पोषणासाठी सरकार रुग्णाच्या बँक खात्यात पैसे देते, तेही कळले. ही योजना २०१८ साली सुरू झाली. त्या वेळी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. अण्णांचे खाते आधारला जोडलेले नव्हते, म्हणून आधीचा एक रुपयाही जमा झाला नव्हता. कोणत्या खिडकीवर जायचे, काय बोलायचे, हे बाईंनी मला कागदावर लिहून दिले. मी दहावीतली मुलगी, पण त्या दिवशी बँकेत जाऊन ते काम करून आले. आयुष्यात कागद वाचता येण्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.

तपासणीत अण्णांचे जंतू औषधाला दाद देणारे निघाले, हे नशीब. त्यांनी पूर्ण उपचार घेतले आणि आज ते पुन्हा मोळी उचलतात.

चैत्रातल्या त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटले, "अण्णा, तुम्हाला खुर्ची देणाऱ्या बाई आठवतात? मला ते काम करायचं आहे." अण्णा चकित झाले. "ती समाजसेवा व्हती? मी तर तिला नर्सबाईच समजलो!"

आता विषयाकडे वळते. रुग्णालयात अशा माणसाची गरज आहे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली. रुग्णाची परिस्थिती पाहणे आणि त्याला योग्य त्या मदतीकडे पाठवणे हे त्यांचे काम होते. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजसेविका नेमली आणि पुढे आयडा कॅनन यांनी तो विभाग वाढवला. कॅबट स्वतः डॉक्टर होते, हे मला महत्त्वाचे वाटते. विश्रांती घ्या, चांगले खा, हवा बदला, असा सल्ला ज्यांना देत होतो, त्यांच्या घरात त्यातले काहीच शक्य नव्हते, हे त्यांना दिसले. म्हणजे ही मागणी डॉक्टरांच्या बाजूनेही आली होती.

आपल्याकडे मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. आज आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. ती देशातली पहिली समजली जाते. पुढे मुंबईत निर्मला निकेतनचे महाविद्यालय १९५५ साली, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. समाजकार्याची महाविद्यालये आज मराठवाड्यातही आहेत.

या यादीआधी एक नाव घेतले पाहिजे. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला आपण दरवर्षी भाषणे ऐकतो, पण त्यांच्या अखेरच्या दिवसांविषयी वक्ते घाईत एक वाक्य बोलून पुढे जातात. १८९७ च्या प्लेगात त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत पुण्याजवळ रुग्णांवर उपचार करीत होते आणि सावित्रीबाई रुग्णांना त्यांच्यापर्यंत नेत होत्या. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले. डॉक्टर होता, औषधोपचार होता, तरी आजारी माणसाला तिथवर आणणारे कोणी लागत होते. ती जागा आजही रिकामी दिसते.

मग सेवा आणि समाजकार्य यांत फरक काय? मनात दया असली की पुरे, त्याला पदवी कशाला, असे मलाही वाटत असे. माझा हा समज कसा मोडला ते सांगणे अवघड आहे, पण सांगते. अण्णा बरे झाल्यावर मला फार उत्साह आला होता. आमच्या भावकीतल्या एक काकू पंधरा दिवस खोकत होत्या. एके दिवशी ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना मी मोठ्याने म्हणाले, "काकू, उद्या माझ्याबरोबर चला, थुंकी तपासू. अण्णांना असंच झालं होतं." माझा हेतू चांगला होता. त्या वेळी काकूंच्या मुलीचे लग्न जुळत आले होते. बोलणे गावभर झाले, पाहुण्यांपर्यंत गेले आणि सोयरीक मोडली. काकूंनी नंतर स्वतः जाऊन तपासणी केली. त्यांना क्षय नव्हताच. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गेल्या वर्षी समाजकार्याच्या एका पुस्तकात 'गोपनीयता' हे तत्त्व वाचले, तेव्हा मला ओटा आठवला. रुग्णाची माहिती ही त्याची मालमत्ता आहे. ती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही. दुसरे तत्त्व आत्मनिर्णयाचे. काय करायचे ते रुग्ण ठरवील. आपण त्याला माहिती द्यायची, वाटा दाखवायच्या, पण हाताला धरून ओढायचे नाही. तिसरे स्वीकाराचे. माणूस जसा आहे तसा त्याला समजून घ्यायचे. दारू पिणाऱ्यालाही, औषध सोडणाऱ्यालाही. ही तत्त्वे वाचायला दहा मिनिटे लागतात. पण ओट्यावर चार माणसांत तोंड आवरायला शिकायचे तर सराव लागतो, चुका दाखवणारे कोणी लागते. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत वर्गातल्या तासांइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थ्याला रुग्णालयात, वस्तीवर, संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते, त्याचा अहवाल लिहावा लागतो आणि मार्गदर्शक शिक्षक त्यावर चर्चा करतात. मला या गोष्टीचे सर्वांत जास्त आकर्षण आहे.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली. मागच्या शिबिरात आम्ही सात दिवस एका गावातली गटारे काढली. आठव्या दिवशी निरोपाच्या वेळी ती पुन्हा तुंबली होती. श्रमदानाला मी नावे ठेवत नाही. आम्हाला माती उचलायची लाज राहिली नाही, हा फायदा झालाच. पण गटार कोठे अडते, कोण अडवते आणि ग्रामपंचायतीत ते कोणी मांडायचे, हे आम्ही कोणाला विचारले नाही. "का सोडलं?" हा प्रश्न तिथेही राहून गेला.

रुग्णालयातल्या समाजसेवकाचे आजचे काम पाहिले तर त्यात कागदपत्रांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत असत, ती मर्यादा २०२४ मध्ये पाच लाख झाली आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना योजना खुली झाली. दुसरी सोय धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के वेगळा निधी काढायचा असतो. आमच्या गावात हे कितीजणांना माहीत असेल? मी विचारून पाहिले. एकालाही नव्हते. पुन्हा माहीत असूनही भागत नाही. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढलेले नसते, आधारवर आडनाव वेगळे असते, उत्पन्नाचा दाखला तहसिलीत अडकलेला असतो, आणि पेशंट तर आत झोपलेला. हे गुंते सोडवणारा माणूस शहाणा, धीराचा आणि नियम पाठ असलेला हवा.

२०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात गाजला. सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा मी शाळेत होते. घरात बायका हा विषय दबक्या आवाजात बोलत. पिशवी काढली की पाळीची कटकट संपली, खाडा होत नाही, दंड बसत नाही, असा साधा हिशेब त्या सांगत. त्या शस्त्रक्रियेचे परिणाम काय, दुसरा उपचार आहे का, हे सही घेण्याआधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसून कोणी सांगितले असते, तर त्यांनी काय ठरवले असते? मला उत्तर सांगता येत नाही. ते त्यांनी ठरवायचे होते.

अण्णांच्या पगाराच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. होय, पगार असतो. सरकारी रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, धर्मादाय रुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी हे काम असते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे मुक्तांगण, डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले, सर्वांना ठाऊक आहेच. पण खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी जागा थोड्या, जाहिराती क्वचित निघतात. संस्थांमधले पगार बेताचे आणि बरेचदा कंत्राटी. पोलीस भरतीला मैदानावर धावणाऱ्या माझ्या मैत्रिणीला नोकरी लागण्याची शक्यता कदाचित जास्त असेल. हे मी अण्णांना सांगितले आहे. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, मला कळले नाही.

माझा बेत असा आहे. बी.ए.ला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घेतले आहे, ते पुढे उपयोगी पडेल. एम.एस.डब्ल्यू.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा असतात आणि पुस्तके बहुतेक इंग्रजीत. रोज दोन पाने वाचते, अडलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत समासात लिहिते. पहिल्या महिन्यात समास भरून जात, आता थोडी जागा उरते. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरायचे, वसतिगृहासाठी आधीपासून खटपट करायची. दोन वर्षे घरातून पैसे येणार नाहीत, हे धरूनच चालले आहे. शिक्षण झाल्यावर शक्य झाले तर काम ऊसपट्ट्यातल्या रुग्णालयात करायचे, जिथे आमच्याकडची माणसे हंगामात आजारी पडतात. तिथे त्यांची बोली समजणारे आणि कोयता म्हणजे काय हे ठाऊक असलेले कोणी असावे, एवढे मला वाटते.

या हंगामात टोळी निघण्याआधी मी एक छोटे काम केले. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता, तिथे कसे जायचे आणि कोणाला कोणती गोळी रोज चालू आहे, हे लिहून द्यायचे ठरवले. आधी सगळ्यांची एकच यादी करून मुकादमाकडे द्यावी असे डोक्यात होते. मग ओटा आठवला. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी लिहिली, घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात दिली. चौदा चिठ्ठ्या झाल्या. एक आजोबा वाचता येत नसताना ती उलटसुलट करून पाहत होते आणि मग टोपीत ठेवून निघून गेले. काकूंची चिठ्ठीही मी लिहिली होती. ती आईने नेऊन दिली.